पुतळा आणि फड : ‘पिंजरा’चा बर्लिनपासूनचा प्रवास

(दीर्घ धागा)

जुना चित्रपट हॉलिवूडने नव्याने केला की दोन आरोप ठरलेले असतात. कल्पना आटल्या म्हणून शिळ्याच मालावर गल्ला भरला जातो, हा पहिला. पात्रांचा वर्ण, वंश किंवा लिंग बदलून ‘विविधता’ प्रेक्षकांच्या गळी उतरवली जाते, हा दुसरा. २०१९ साली डिस्नेने ‘द लायन किंग’ पुन्हा केला. पहिल्या आरोपाचा त्याच्यावर भडिमार झाला आणि चित्रपटाने जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक कमावले. २०२३ साली ‘द लिटिल मर्मेड’मध्ये हॅली बेली ही कृष्णवर्णीय गायिका जलपरी झाली, तेव्हा दुसऱ्या आरोपाने महिनोन्महिने धुमाकूळ घातला. त्या चित्रपटाचा गल्ला सुमारे ५७ कोटी डॉलर होता. तो पुरेसा की अपुरा, यावरही दोन्ही बाजूंनी आपापले निष्कर्ष काढले.

या वादात एक गोष्ट गृहीत धरली जाते : पैशाचा प्रश्न वेगळा आणि पडद्यावर कोणाला स्थान मिळते हा प्रश्न वेगळा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांशी जोडलेल्या माणसांचा नाटक-सिनेमाचा इतिहास पाहिला, तर हे दोन प्रश्न एकाच वहीत, एकाच शाईने लिहिलेले दिसतात. या धाग्याचा मुख्य विषय व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) हा आहे. पण तिथे पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे, कारण परकी कथा मराठी पोशाखात उभी करण्याचा धंदा या भागाला सिनेमाने शिकवलेला नाही.

शाहूनगर म्हणजे सातारा. त्या नावाने निघालेली शाहूनगरवासी नाटक मंडळी ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतली अग्रगण्य गद्य नाटक कंपनी होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि मराठी प्रेक्षक गाण्याच्या नादी लागला. ज्या कंपनीकडे गाणे नाही, तिने तिकीट कशावर विकायचे? शाहूनगरवासीला उत्तर सापडले ते शेक्सपिअरमध्ये. खून, वेड, मत्सर, सूड हे सगळे गाण्याविनाही प्रेक्षकाला जागेवर खिळवू शकत होते. शिवाय कथानक लंडनमध्ये तीनशे वर्षे पारखून झालेले, आणि शेक्सपिअर मानधन मागायला येणार नव्हता.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, ‘विकारविलसित’ या नावाने. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना ते या कामात गुंतले होते. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले (१८९०). गणपतराव जोशी या नाटकांतून मोठे झाले, आणि त्यांच्यासमोर स्त्रीभूमिकांत बाळाभाऊ जोग उभे राहिले. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. ऑथेल्लोच्या बाबतीत मात्र केवळ नाव बदलले नाही. मूळ नाटकाच्या पूर्ण शीर्षकातच नायकाचे परकेपण आहे, तो ‘व्हेनिसचा मूर’ आहे. मराठी शीर्षकातून परकेपण गेले आणि लढवय्येपण उरले. प्रेक्षकाला नायक आपला वाटावा ही रूपांतराची गरज होती, आणि आपला वाटण्याची पहिली किंमत परक्याने चुकती केली.

देवलांचेच दुसरे उदाहरण उलट दिशेने जाते. मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी विनोदी नाटक केले. देवलांनी त्यावरून १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पुढे त्यात पदे घालून त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी वारले. म्हणजे हे रूपांतराचे रूपांतर, आणि त्याचेही पुन्हा बाजाराच्या मागणीनुसार संगीत रूप. गाण्याशिवाय गर्दी होत नाही हे गणित तोवर पक्के झाले होते. पण या सगळ्या व्यापारी उलाढालीत देवलांनी एक बदल असा केला की, त्याकडे आजही पुरेसे लक्ष जात नाही. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित घरची मुलगी आहे. देवलांची रेवती मघा नायकिणीच्या घरातली आहे, आणि तिचा अश्विनशेटाशी विवाह हे नाटकाचे ध्येय आहे. पात्रांची नावे नक्षत्रांची आणि महिन्यांची, प्रसंग हास्याचे, त्यामुळे कोणाच्या भुवया उंचावण्यापूर्वीच पुढचे पद सुरू होई. रेवती रंगवली ती अर्थातच एका पुरुषाने, बालगंधर्वांनी. नायकिणीच्या मुलीला नायिकेचे स्थान मिळाले. ज्या समाजातल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गात होत्या, त्यांना त्या रंगमंचावर स्थान नव्हते. ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती पुढे सिनेमात जशीच्या तशी येते.

मराठी सिनेमाने नायकिणीच्या माडीऐवजी तमाशाचा फड पकडला. याचे कारण सरळ आहे. ग्रामीण प्रेक्षक हा मराठी निर्मात्याचा आधार होता. शहरातला प्रेक्षक हिंदी सिनेमाकडे वळलेला होता. सातारा जिल्ह्यातल्या पालीच्या खंडोबाची यात्रा असो वा पुसेगावची सेवागिरींची, यात्रेच्या मैदानावर तमाशाचा तंबू आणि फिरत्या टॉकीजचा तंबू शेजारीशेजारी उभे राहत. एकाच गावकऱ्याच्या खिशातल्या त्याच नाण्यासाठी दोघांची चढाओढ. अशा वेळी सिनेमाने तमाशाच पोटात घेतला तर नवल नाही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, जयश्री गडकर नायिका, गीते सांगली जिल्ह्यातल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांची. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यानंतर दशकभर मराठी निर्मात्याला ढोलकी, पाटील आणि लावणी या तीन गोष्टींचे स्पष्टीकरण वितरकाला द्यावे लागले नाही. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने या बाजारावर पुन्हा शिक्का उठवला.

शांताराम १९७२ साली या बाजारात उतरले, आणि कथा आणली ती जर्मनीतून.

त्या कथेचा प्रवास सविस्तर सांगण्याजोगा आहे. हाइनरिश मान या जर्मन लेखकाची ‘प्रोफेसर उनराट’ ही कादंबरी १९०५ सालची. शाळेतला एक जुलमी, एकाकी शिक्षक विद्यार्थ्यांना पकडायला एका नाचगाण्याच्या ठिकाणी जातो आणि तिथल्या गायिकेत गुंततो. समाज त्याला बाहेर टाकतो. कादंबरीतला शिक्षक त्यानंतर झुरून मरत नाही. तो त्याच गायिकेच्या सोबतीने आपले घर जुगाराचा आणि विलासाचा अड्डा बनवतो, आणि गावातले सभ्य गृहस्थ एकामागून एक त्याच्या दारात येतात. मान यांचा रोख त्या गृहस्थांवर होता. गावाची अब्रू किती पातळ आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी शिक्षकाला हत्यारासारखे वापरले.

१९३० साली बर्लिनच्या ऊफा कंपनीने त्यावर ‘द ब्लू एंजल’ केला. दिग्दर्शक योझेफ फॉन स्टर्नबर्ग, शिक्षक एमिल यानिंग्ज, गायिका मार्लीन डीट्रिश. बोलपट नुकताच आला होता आणि परदेशचा बाजार हातचा जाऊ नये म्हणून हा चित्रपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एकाच वेळी चित्रित झाला. ज्या चित्रपटाला पुढे सगळे ‘मूळ’ म्हणू लागले, तो जन्मतःच दुहेरी होता, आणि ते केवळ विक्रीसाठी. रूपांतरात गावकऱ्यांचा दंभ बाजूला पडला. उरला एका माणसाचा अधःपात. शिक्षक गायिकेशी लग्न करतो, तिच्या कंपनीत विदूषक होतो, आपल्याच गावातल्या रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो आणि शेवटी जुन्या वर्गातल्या टेबलावर डोके टेकून मरतो. गायिकेला याचे काही वाटते असे चित्रपट सांगत नाही. ती गात राहते.

१९५९ साली हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्याची रंगीत, रुंद पडद्याची आवृत्ती काढली. तिथे शेवट मऊ केला गेला. शिक्षक मरत नाही. जुना सहकारी त्याला हाताला धरून घेऊन जातो. अमेरिकी प्रेक्षकाने घरी जाताना फार जड मनाने जाऊ नये, ही काळजी त्यामागे दिसते. समीक्षकांनी त्याला फारसे जवळ केले नाही, आणि आज त्याची आठवण निघते ती बहुधा १९३०च्या चित्रपटाशी तुलना करतानाच.

१९७२च्या मराठी आवृत्तीत यांतले काहीच घडत नाही. इथला गुरुजी जुलमी नाही. तो गावाचा देव आहे. गावात आलेल्या तमाशाच्या फडाला तो हाकलून देतो. फडाची नायिका चंद्रकला त्याचा सूड घ्यायचे ठरवते आणि गुरुजी तिच्या मोहात सापडतो. मग एका खुनाच्या गोंधळात गावाची समजूत होते की, गुरुजींचीच हत्या झाली. तो नाव टाकून फडाबरोबर पळतो आणि हरकाम्या होऊन राहतो. गाव इकडे त्याचा पुतळा उभारते. अखेरीस स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो आणि तो फाशी पत्करतो, कारण खरे सांगितले तर पुतळा पडेल.

स्वतःच्या खुनाबद्दल फासावर जाणारा माणूस ही कल्पना ना मान यांच्या कादंबरीत आहे, ना स्टर्नबर्गच्या चित्रपटात. मराठी रूपांतराची ती अस्सल भर आहे आणि नाट्य म्हणून ती विलक्षण आहे. ती अंगावर पेलणारा नट साताऱ्यात जन्मलेला होता. डॉ. श्रीराम लागू (जन्म १९२७) कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आलेले. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी ‘नटसम्राट’मधला गणपतराव बेलवलकर उभा केला होता, आणि त्या नाटकाच्या मागेही ‘किंग लिअर’ची सावली आहेच. शाहूनगरवासीच्या गणपतराव जोशींनी जे केले, परक्या शोकांतिकेला मराठी देह देणे, तेच काम ऐंशी वर्षांनंतर साताऱ्याचाच दुसरा नट करत होता. संगीत मिरजेच्या राम कदमांचे, शब्द जगदीश खेबुडकरांचे, आवाज उषा मंगेशकरांचा. चंद्रकला झाल्या संध्या.

चित्रपट प्रचंड चालला. त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी शांतारामांनी त्याची हिंदी आवृत्ती काढली. ती मराठीसारखी रुजली नाही. २०१६ साली मूळ मराठी चित्रपट डिजिटल रूपात पुन्हा प्रदर्शित झाला.

आता या आवृत्तीचा हिशेब मांडता येईल. हाइनरिश मान यांनी गावाची अब्रू उघडी पाडली. बर्लिनने ती बाजूला ठेवली. हॉलिवूडने शिक्षकाला वाचवले. शांतारामांनी गावाची अब्रूच वाचवली. पुतळा खोटा आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे, तरीही तो टिकला पाहिजे असे चित्रपट सांगतो आणि त्यासाठी एका निरपराध माणसाचा जीव योग्य किंमत मानतो. गावातला कुजकेपणा दिसतो खरा, परंतु गावाच्या आदर्शाला धक्का लागत नाही. ज्या कादंबरीचा विषय दंभ होता, तिच्या चौथ्या रूपात दंभ हेच बलिदानाचे कारण झाले. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी, खेड्यातला शिक्षक ही राष्ट्रउभारणीची मूर्ती असताना, व्यापारी चित्रपटाने ती मूर्ती फोडणे परवडणारे नव्हते. प्रेक्षकाला लावणीही हवी होती आणि लावणी पाहिल्याचे प्रायश्चित्तही. दोन्ही एका तिकिटात मिळाले.

गायिकेचे काय झाले, हे तर अधिक बोलके आहे. बर्लिनची लोला कोणाची माफी मागत नाही. चंद्रकला मागते. सूड घ्यायला निघालेली ही बाई प्रेमात पडते आणि पश्चात्तापाने पोळून निघते. तिच्या स्वतंत्र बाणेदारपणाला पहिल्या अर्ध्या भागात जागा आहे, दुसऱ्यात नाही.

आणि तिला जात नाही. तमाशाचा फड हा महाराष्ट्रात कधीच निर्जात नव्हता. ढोलकीफड आणि संगीतबारी या दोन्हींचा भार कोल्हाटी, महार, मांग या समाजांतल्या कलावंतांनी वाहिला. गावाने कला पाहायची, पण तिला वेशीबाहेर मुक्काम द्यायचा, या व्यवहाराची मुळे तिथे आहेत. ‘पिंजरा’तला गुरुजी फडाला गावाबाहेर घालवतो तेव्हा चित्रपट त्याला नीतीचा प्रश्न म्हणतो. वेशीच्या आत कोण राहते आणि बाहेर कोण, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावकऱ्याला नीतीच्या आधीपासून ठाऊक होते.

या त्रुटीचे समर्थन असे करता येईल की, परक्या कथेत जात नव्हती, मग रूपांतरात ती कुठून यावी? पण त्यासाठी बर्लिनला जाण्याचीच गरज नव्हती. सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचे गाव आहे. तिथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. ब्राह्मण घरातला हा माणूस घरचे कुलकर्णीपण मागे टाकून तमाशात गेला, पठ्ठे बापूराव झाला, आणि पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर त्याने मराठी लावणीचा एक काळ घडवला. १९४५ साली तो वारला. प्रतिष्ठित घरचा पुरुष, फडातली स्त्री, समाजाचा बहिष्कार ही ‘ब्लू एंजल’ची सगळी सामग्री तिथे आहे. फरक असा की, बापूरावांच्या आयुष्यात फडात जाणे हा अधःपात नव्हता. तिथेच त्यांची कविता जन्मली आणि पवळेच्या आवाजावाचून ती अपुरी राहिली असती. शांतारामांना हा जीवनक्रम अपरिचित असणे शक्य नाही. सोलापूरच्या राम जोशींवरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांनीच १९४७ साली केला होता. तोही ब्राह्मण कवी आणि तमाशा यांचीच कथा. पंचवीस वर्षांनी त्याच विषयाकडे परतताना त्यांनी कवी सोडला आणि शिक्षक घेतला, कला सोडली आणि पतन घेतले.

त्याच वाळवे तालुक्यात वाटेगाव आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सध्याचे नाव मिळाले; त्यामुळे १९२० साली वाटेगावात मांग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ साठे जन्माने सातारा जिल्ह्याचे. गावचा तमाशा त्यांच्या घराण्याच्या अंगणातला होता. मुंबईच्या कामगार चळवळीत त्यांनी त्याच तमाशाचे लोकनाट्य केले. गणाच्या जागी देवाऐवजी श्रमिकाला वंदन आणले. तमाशातल्या स्त्रीचे जगणे त्यांनी ‘वैजयंता’ या कादंबरीत लिहिले, आणि तिच्यावर गजानन जागीरदारांनी १९६१ साली चित्रपट केला, म्हणजे ‘पिंजरा’च्या अकरा वर्षे आधी. ‘वैजयंता’त फड म्हणजे मोहाचा सापळा नाही. ते कामाचे ठिकाण आहे, जिथे मालक असतो, मजुरी असते, पिळवणूक असते आणि तरीही नाचणारीला आपल्या कलेचा अभिमान असतो. मोहात पडणाऱ्या पुरुषाच्या डोळ्यांनी पाहणे आणि नाचणारीच्या पायांनी मोजणे यांतले अंतर या दोन चित्रपटांच्या मध्ये आहे. मराठी प्रेक्षकाने कोणता लक्षात ठेवला, हे सांगायला नको.

शांताराम या भूमीतून कथा घेऊ शकत नव्हते, असेही नाही. औंध संस्थानात, आजच्या आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. औंधचे पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता तिच्यामागे होते. गदिमांनी त्या प्रयोगावरून पटकथा लिहिली आणि शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) केला. १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. पुढे तमिळमध्ये एम. जी. रामचंद्रन आणि तेलुगूमध्ये एन. टी. रामाराव यांना घेऊन त्याच्या नव्या आवृत्त्या झाल्या. आटपाडीच्या माळावरची गोष्ट बर्लिनपर्यंत गेली आणि मान्य झाली. पंधरा वर्षांनी बर्लिनची गोष्ट उलट्या वाटेने आली, तेव्हा फडाच्या मालकीच्या गोष्टीकडे कोणी पाहिले नाही. कैद्यांच्या सुधारणेची कथा सगळ्या देशाला विकता येत होती. तमाशातल्या जातीची कथा मराठी मुलखातही विकणे कठीण मानले गेले. हा तर्क आहे, पण १३१ आठवड्यांच्या यशानंतर वितरक कोणत्या साच्यासाठी पैसे मोजत होते, हे पाहता तो दूरचा नाही.

‘पिंजरा’वर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जे पटकथेने वगळले, ते संगीतातून आत आले. राम कदमांच्या ढोलकीत आणि चालींत फडाचे शतकभराचे शहाणपण आहे. ते परक्या कथेतून येऊच शकत नव्हते. आजही चित्रपट लोकांच्या स्मरणात आहे तो बव्हंशी त्या लावण्यांमुळे, आणि त्या लावण्यांची परंपरा ज्यांची, त्यांचे नाव श्रेयनामावलीत शोधावे लागते. संध्या फडातून आलेल्या नव्हत्या, जयश्री गडकरही नव्हत्या. बाळाभाऊ जोग आणि बालगंधर्वांच्या काळात स्त्रीची जागा पुरुषाने घेतली होती. सिनेमाने स्त्री आणली, पण फडातली स्त्री बाहेरच उभी राहिली. प्रेक्षकांना यात विसंगती वाटली नाही. तिकीट काढणाऱ्याला बाई नाचताना हवी होती आणि ती ‘आपल्यातली’ असल्याचा दिलासाही हवा होता.

आजच्या मराठी प्रेक्षकाने मात्र हा प्रश्न उघडपणे विचारला आहे. २०१६ साली, ‘पिंजरा’ पुन्हा प्रदर्शित झाला त्याच वर्षी, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. दोन वर्षांनी करण जोहरांच्या धर्मा प्रॉडक्शन्सने त्याची हिंदी आवृत्ती काढली, ‘धडक’. गोष्ट सोलापूरकडच्या मातीतून उदयपूरच्या महालांत गेली आणि वाटेत जात पुसट झाली. टीका झाली, आणि ती ‘मूळाशी बेइमानी’ या कलात्मक तक्रारीपुरती नव्हती. ज्या गोष्टीमुळे मुलगा आणि मुलगी मारली जातात, तीच गोष्ट मोठ्या बाजारासाठी बोलायची नाही असे ठरवले, तर उरते काय, असा तो सवाल होता. हॉलिवूडमध्ये नव्या आवृत्तीत कोणी आणले म्हणून ओरड होते. इथे कोणाला वगळले म्हणून झाली. ‘पिंजरा’ला १९७२ साली हा सवाल मोठ्या आवाजात कोणी विचारला नव्हता.

फड मात्र चालू होते. साताऱ्याचे नाव आडनावासारखे लावणाऱ्या कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) त्याच दशकांत तुकाराम खेडकरांच्या आणि पुढे स्वतःच्या फडात गावोगाव फिरत होत्या. वगनाट्यात त्या पुरुषभूमिका करत, त्यांत शिवाजी महाराजांची भूमिकाही होती. रेवतीची भूमिका पुरुषाने केली तेव्हा मराठी अभिरुचीने त्याला कलेचा कळस म्हटले. फडातली बाई तंबूत छत्रपती होत होती, त्याची दखल नाट्यसमीक्षेने फार उशिरा घेतली. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, यात्रा बंद आणि तंबू गुंडाळलेले असताना त्या संगमनेरला वारल्या.